फ्लेक्सवरची तुमची जागा

वन्सं, गणपती ते दिवाळी या काळात कुणी आजारी पडायचं नाही, असा आपल्या ऑफिसचा नियम होता. तुम्हीच केलेला. दाढ काढायची असो की मोतीबिंदू, सगळं उन्हाळ्यात उरका, म्हणायचात. आणि स्वतः गेलात कधी, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याच्या ऐन कामात. मी असं केलं असतं तर मला चितेवरून उठवून प्रूफ तपासायला बसवलं असतंत.

वर शास्त्राची गंमत बघा. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आमच्याकडे तीन दिवस. तिसरा दिवस झाला, मी अंघोळ केली आणि सगळे म्हणाले, झालं, आता तुम्ही मोकळ्या. आकुर्डीच्या पिठाच्या गिरणीवरच्या त्या खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण दोघी म्हाताऱ्या झालो, आणि मी मोकळी तिसऱ्या दिवशी! कासारवाडीला तुमच्या घरी आता वर्षभर सण नाही. माझ्या घरी मात्र सगळे सण आहेत. करायलाही आहेत आणि विकायलाही.

नणंद-भावजयींनी मिळून धंदा केला म्हटल्यावर लोक हमखास विचारायचे, भांडत नाही का? तुम्ही म्हणायचात, भांडतो की, त्याशिवाय जाहिरात कशी सुचेल. दुकानं, शोरूम, बिल्डर, सगळ्यांच्या सणांची कामं आपल्याकडे. पाडव्याला काय म्हणायचं, दसऱ्याला कुठलं चित्र, दिवाळीला कशावर काय मोफत. त्यापायी आपल्याला एकही सण वेळेवर भेटला नाही. मे महिन्याच्या उन्हात गणपतीची आरास. आषाढात फोटोसाठी करंज्या तळायच्या. खऱ्या दिवाळीत आपण संक्रांतीच्या तिळगुळात, आणि घरातला फराळ कोपऱ्यावरच्या दुकानातला. कॅलेंडरच्या पुढच्याच पानावर कायम अडकलेल्या दोन बायका. तुम्ही गेलात त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला आजची तारीख कळली.

मी नवी सून होते ते ध्यान आठवतं का तुम्हाला? कमर्शियल आर्टचा कोर्स अर्धा सोडून आलेली, पण खांद्याला शबनम आणि चेहरा असा, की जगातल्या सगळ्या जाहिराती हिच्या सल्ल्याने चालल्यात. मला यमकाचा आजार होता. चिंचवडच्या भांड्यांच्या दुकानासाठी मी लिहिलं होतं, 'घरोघरी दिवाळी, घरोघरी मिक्सर, आता सासूबाईसुद्धा होतील फिक्सर.' तुम्ही दोनदा वाचलंत आणि शांतपणे विचारलंत, "फिक्सर म्हणजे काय गं?"

"यमक जुळलंय ना, वन्सं?"

"जुळलंय. पण आईला दाखवू नकोस."

कापडी बॅनर रंगवून झाला, टांगून झाला, आणि मिक्सर खपलेसुद्धा. त्यामुळे माझा आजार बळावला.

त्याच जोमात मी साड्यांच्या दुकानाची संक्रांत केली. 'सवाष्णींना प्रत्येक साडीवर कुंकवाचा करंडा मोफत.' दुकानदार खूश, मी त्याहून खूश. तुम्ही तेवढं विचारलंत, "बाकीच्यांना?"

"बाकीच्या कोण?" मी म्हटलं.

इतकी हुशार होते मी. दुकानाने ती ओळ दर संक्रांतीला चालवली. पुढे तुमचे भाऊ गेले आणि मी बाकीच्यांत जमा झाले. तरी दर पौष महिन्यात ते प्रूफ माझ्याच टेबलावर यायचं आणि मीच ऱ्हस्व-दीर्घ तपासायची. तुम्ही एकदा 'सवाष्णींना' खोडून 'प्रत्येकीला' केलंत. दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, सण आहे. उगाच कुणाच्या मनात यायला नको." तुम्ही वाद घातलात. मी घातला नाही. माझ्याच डोक्यातून निघालेली ओळ, तिच्याशी काय भांडायचं? मी विनोद करत राहिले. विधवेने विनोदी असावं, लोकांना बरं पडतं.

म्हणून श्रावणात चाकणला झालं ते तसं झालं.

पोपटशेठच्या दुचाकींच्या शोरूमचा दसरा आपल्याकडे कैक वर्षं आहे. चित्र ठरलेलं: दारात नवी स्कूटर आणि तिला ओवाळणारी बाई. ती बाई आपण विकतच्या फोटोंमधून आणायचो. गोरीपान, नाकात नथ, आणि ताटात हळद-कुंकवाच्या जागी गुलाबाच्या पाकळ्या. तुम्ही दरवर्षी चिडायचात. "ही बाई गाडीला ओवाळतेय की केक कापतेय?" यंदा माझी नात सई म्हणाली, "मग आत्याआजी, तूच उभी राहा ना." सई आता आपल्याकडचे फोटो काढते, कंप्युटरही तीच बघते, शब्द तिचाच चालतो. तुम्ही हिरवं लुगडं नेसून तयार.

पोपटशेठच्या बंगल्याच्या ग्रॅनाइटच्या पायरीवर तुम्ही उभ्या राहिलात, ताट हातात घेतलंत, आणि सगळ्यांदेखत मला हाक मारलीत. "शालिनी, ये इकडे. दोघी उभ्या राहू."

"मी? माझ्या हातून ओवाळलेल्या गाडीचा इन्शुरन्स कोण उतरवेल?"

सगळे हसले. पोपटशेठ हसला, सईसुद्धा हसली. तुम्ही हसला नाहीत. सई मध्यभागी ये म्हणत होती, तर तुम्ही ऐकेनात. आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडून पायरीच्या कडेलाच उभ्या राहिलात, वाकडं हसू करून. तोच फोटो चांगला आला. त्या मोकळ्या जागेत मी 'शून्य डाउन पेमेंट' बसवलं.

परत येताना चाकणच्या चौकात अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी कंपनीच्या बसगाड्या, शिफ्ट सुटलेली. रिक्षा जागची हलेना.

"का नाही आलीस?" तुम्ही विचारलंत.

"वन्सं, पोपटशेठचा धंदा आहे. नाटक नाही."

"फोटोत कपाळ केवढं दिसणार आहे?"

"बोर्ड बघितलाय का त्याचा? कपाळच खोलीएवढं दिसेल."

"मग दिसू दे की."

मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तुम्हाला ते कळलं होतं, कारण तुम्ही माझा पदर ओढून खांद्यावर सारखा केलात आणि म्हणालात, "झोप. वाद काही पळून जात नाही." पुढे मग गणपतीची घाई, मग तुमचं हॉस्पिटल. हॉस्पिटलात आपण काय बोललो? दिवाळीच्या कंदिलाचा केशरी रंग छापून तांबडा येतो, हे बोललो. बाईच्या नाकात नळी आणि मी तिला शाईचे नमुने दाखवतेय.

तुम्हाला हिरवं नेसवलं, ओटी भरली. बायका एकीमागून एक येऊन तुमच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावत होत्या आणि म्हणत होत्या, "भाग्याची. अहेव गेली. सोनं झालं." मी शेजारीच उभी. माझ्या मनात आलं, म्हणजे माझं काय होणार, पितळ? हे सांगायला वळले तर ज्यांना सांगायचं त्याच झोपलेल्या.

चौथ्या दिवशी पोपटशेठ आला. पांढरा सदरा, हातात काही नाही, नीट रीतीने. खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई म्हंजी..."

"हो ना."

"आमाला लई..."

"हो."

मग दोघंही पंख्याकडे बघत बसलो. टेबलावर सईचा लॅपटॉप उघडाच होता. त्यात तुम्ही, हातात ताट, वाकड्या हसण्यासकट, शेजारी 'शून्य डाउन पेमेंट'. त्याने पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं. सईने पटकन झाकण लावलं. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

काय बोलणार बिचारा? पितृपंधरवडा लागला होता. तुम्हाला माहीत आहे आपल्या लोकांचं. गिऱ्हाइकाची सगळी कामं आपण या पंधरवड्यात करतो, कारण घटस्थापनेला बोर्ड लागायचे असतात. पण गिऱ्हाईक या पंधरवड्यात तोंडाने 'फायनल' म्हणत नाही. अशुभ. जे ठरवायचं ते आधी ठरवून मोकळा होतो आणि ठरलेलं मोडत नाही, कारण मोडलं तर नव्याने ठरवावं लागेल. तुमचा फोटो त्याने पौर्णिमेच्या आधी फायनल केलेला. आता तो ठेवा म्हणता येईना आणि काढाही म्हणता येईना. उठताना म्हणाला, "बगू, मावशी." कशाचं बघू, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मलाही माहीत नव्हतं, वन्सं. छपाईवाला रोज फोन करत होता. कधी वाटायचं, तुम्ही लागायलाच हव्यात, चाकणच्या त्या गर्दीवर, सगळ्या ट्रकवाल्यांच्या डोक्यावर. लगेच वाटायचं, अण्णा त्या रस्त्याने जातात, आपली गेलेली बायको त्यांनी मान वर करून कशी बघायची? अण्णांना विचारलं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या दोघींचं काम आहे. तुम्ही ठरवा." दोघींचं! एकीने हात वर केले होते कायमचे, आणि खाली गिरणी घरघरत होती. मी कीबोर्डवरचं पीठ पुसायची, परत बसायची, परत पुसायची. दार उघडंच होतं, पण उठून जाणार कुठे?

मग पोपटशेठचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"मावशी, आईला इच्यारलं. आई म्हनती, अहेव गेलेली बाई, लक्षुमीच ती. ऱ्हाऊ द्या फोटो. उलट चांगलंच हाय."

"बरं," मी म्हटलं.

सई म्हणाली, "आजी, झालं ना मग तुझ्या मनासारखं?"

"झालं की."

आणि हातातली पेन्सिल मी भिंतीवर फेकून मारली. सई घाबरली. मी पण. या वयात नेम इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं, भिंतीवरच्या घड्याळालाच लागली.

काय झालं होतं ते मला दोन दिवसांनी समजलं. गेलेल्या तुम्ही चालत होतात, आणि चालतीबोलती मी चालत नव्हते. शिवाय त्या फोटोतल्या तुम्ही तुम्ही राहिलाच नव्हतात. ते वाकडं हसू माझ्यावरच्या रागाचं होतं. मी आले नाही म्हणून तुम्ही तशा हसलात. आता अख्खं चाकण ते हसू बघून म्हणणार, बघा कशी तृप्त सवाष्ण! तुम्हाला असलं लक्ष्मीपण चाललं असतं? तुम्ही तर हळदीकुंकवाला जायचात तेव्हा परत येताना माझ्यासाठी वाण ढापून आणायचात.

सईला म्हटलं, चल चाकणला. कॅमेरा घे.

"कॅमेरा कशाला?"

"असू दे. वजन नाही फार."

पोपटशेठची आई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. नऊवारी, मोकळं कपाळ, समोर सालांचा ढीग. पोपटशेठ शेजारच्या शोरूममधून धावत आला.

"फोटो बदलायचाय," मी म्हटलं.

"आता? पंधरवडा हाय, मावशी. फायनल झालंय त्ये."

"जिचं फायनल केलंत ती गेली ना."

"पन आईनं सांगितलंय चालतंय म्हनून. अन् दुसरी बाई आनायची कुठनं?"

"मी आहे."

त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग सईकडे, मग आईकडे. खरंच सांगते, वन्सं, वाईट माणूस नाही तो. घाम पुसत, अगदी मदत केल्यासारखा म्हणाला, "व्हय, मंग... कंप्युटरवर कुंकू लावता येतंय न्हवं?"

"येतं," सई म्हणाली आणि जीभ चावली.

"येतं," मी म्हटलं. "पण लावायचं नाही."

मला पळून जावंसं वाटत होतं. अर्ध्या तोंडाने एक विनोद आलाही होता, म्हटला असता तर सगळे हसले असते आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो असतो. तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला असेन. त्याच्याऐवजी म्हातारीच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आजी, दसऱ्याला शोरूमात गाड्यांची पूजा असते तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"आत."

"आत का?"

"का म्हंजी? आमी काय म्होरं येनार?" तिने लसणाची पाकळी सुपात टाकली.

"आतून दिसतं का?"

"खिडकीतनं अर्धं दिसतं. खांब येतो मधी."

पोपटशेठ म्हणाला, "आई, तू कदी बोलली न्हाईस."

"तू कदी खांब काढलास?"

म्हातारीने हात झटकले आणि त्यालाच विचारलं, "लोकं त्या बोर्डावर काय बघत्यात रं?"

"गाडी बघत्यात. अन् हप्ता."

"मंग हिचं कपाळ बघाया कोन रिकामं हाय?"

"आगं, पन तूच तर म्हनलीस, ताईंचा फोटो..."

"म्हनले. तवा ही दारात उभी न्हवती." मग सईकडे वळून, "आन् पोरी, त्या मशिनीतनं कुंकू लावू नगंस. खोटं दिसतंय."

मी म्हटलं, "आजी, मग तुम्हीही या. दोघी उभ्या राहू." म्हणताना कळलं की हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे.

म्हातारी हसली. तोंडात दात थोडेच. "नगं बाई. मला अर्धं दिसतंय तेवढं पुरं." आणि परत लसूण सोलायला लागली. मी आग्रह केला नाही. सोंग घेतलेल्या माणसाला उठवता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

मी पायरीवर उभी राहिले. सई ओरडली, "आजी, डावीकडे. अजून. आत्याआजी होती तिथेच, उजेड तिथे चांगला आहे." ताट हातात घेतलं. किती वर्षांनी घेतलं कोण जाणे. पहिल्यांदा ताट उलटंच फिरवलं! विकतच्या फोटोतल्या बाईला आपण इतकी नावं ठेवली, आणि मी तिच्याही पुढे. निरांजन दोनदा विझलं. पोपटशेठने स्वतः वाऱ्याच्या बाजूला हात धरला. सई म्हणत होती, हस ना गं. हसू आलं नाही. जे आलं ते तसंच छापलंय.

घरी येताना पुन्हा तोच चौक, तीच कोंडी. या वेळी मी झोपेचं सोंग घेतलं नाही. शेजारी सई कानात गाणी घालून बसलेली. मी जागी राहून काय उपयोग होता? विचारणारं कुणी नव्हतं.

घटस्थापनेला बोर्ड लागला. सईने मोबाइलवर दाखवला. कपाळ खरंच खोलीएवढं दिसतंय, वन्सं. त्यावरच्या आठ्याही दिसतात, सात-बाऱ्यावरच्या रेघांसारख्या. कुणी काही म्हणालं नाही. पोपटशेठकडे कुणी तक्रार केली नाही, कुणी कौतुकही केलं नाही. म्हातारी म्हणाली तसंच, लोक हप्ता बघतायत. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंसंच होतं, याचा आनंद करू की संताप, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दोन्ही कर, पण आधी दिवाळीचं प्रूफ बघ.

तुम्ही वाद जिंकलात, हे मी इथे लिहून देते. पण तुम्हाला हवं होतं ते काही मी केलेलं नाही. तुम्ही मला 'तू उभी राहा' असं म्हटलंच नव्हतं. 'दोघी' म्हणाला होतात. तुम्हाला खाली उतरवल्याशिवाय मला वर चढता आलं नाही, आणि आता दिवाळी होईपर्यंत मला खाली येता येणार नाही. हात वर, ताट हातात, मी तिथे उभी आहे. खाली गाड्या अडकल्यात, वर मी. भांडायला शेजारी कुणी नाही.